कॅमेरा ‘पुढच्या लॉटात’ : टंचाईच्या काळातील खरेदीविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय एकच आहे : पैसे हाताशी आहेत, किंवा बँकेने मंजूर केले आहेत, आणि कॅमेरा मात्र मिळत नाही. पत्रे चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावांतून आली आहेत. लिहिणारे बहुतेक जण लग्नाची, बारशाची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची किंवा नाटकाची कामे करून घर चालवणारे छायाचित्रकार आहेत. त्यामुळे ‘कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला’ हा नेहमीचा प्रश्न या वेळी बाजूला ठेवून सगळी जागा टंचाईलाच दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी मूल तालुक्यात लग्नाची छायाचित्रे आणि चित्रीकरण करतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास नागपूरच्या एका दुकानात फुल-फ्रेम मिररलेस बॉडीसाठी (आरसा नसलेला, लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) २५,००० रुपये इसार दिला. पंधरा दिवसांत माल येईल, असे तेव्हा सांगितले होते. आता पोळाही होऊन गेला. दर वेळी ‘भाऊ, पुढच्या लॉटात तुमचाच नंबर’ एवढेच उत्तर मिळते. मागच्या आठवड्यात दुकानदार म्हणाला की बॅग, ट्रायपॉड आणि दोन कार्डे असा संच घेतला तर बॉडी लवकर देता येईल. शिवाय भावही वाढला आहे. तुळशीच्या लग्नानंतरची माझी सात कामे ठरलेली आहेत. थांबावे की इसार परत मागावा? आणि ही टंचाई खरी आहे की दुकानदाराने उभी केलेली?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. टंचाई बहुतेक वेळा खरी असते. पण ती मूलपर्यंत पोहोचेतो वाटेत प्रत्येकाने तिच्यात आपापली भर घातलेली असते.

चांगले कॅमेरे आणि त्यांचे महत्त्वाचे भाग जगात मोजक्याच ठिकाणी तयार होतात, त्यामुळे एका कारखान्याला धक्का बसला की त्याचा परिणाम सगळीकडे जाणवतो. मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य भागात भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा निकॉनचा सेंदाईजवळचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात थायलंडमधील अयुथयाच्या पुरात निकॉन आणि सोनी या दोघांचेही कारखाने पाण्याखाली गेले. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतो येथील भूकंपाने सोनीचा सेन्सरचा (कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या चिपेचा) कारखाना थांबला, आणि सोनीचे सेन्सर इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही असल्यामुळे त्यांचेही वेळापत्रक कोलमडले. ऑक्टोबर २०२० मध्ये नोबेओका येथील एका चिप कारखान्याला आग लागली आणि ध्वनिमुद्रणाच्या उपकरणांना लागणाऱ्या चिपा दुर्मीळ झाल्या. पुढे जगभर चिपांचाच दुष्काळ पडला. डिसेंबर २०२१ मध्ये सोनीने झेडव्ही-ई१० या कॅमेऱ्याच्या नव्या मागण्या घेणे थांबवले होते, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकॉन झेड९ साठी ग्राहकांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली.

हे सांगण्याचा हेतू असा की अशा टंचाईत माल अजिबात येत नाही असे नसते. तो थोडा येतो, आणि थोडा आला की वाटणी होते. कंपनी देशांना वाटते, वितरक दुकानांना वाटतो आणि दुकानदार गिऱ्हाइकांना. ज्या शहरात खप मोठा तिथे वाटा मोठा, आणि दुकानात ज्याची उलाढाल मोठी त्याचा फोन आधी लागतो. वर्षातून एकदा खरेदीला येणारा तालुक्याचा छायाचित्रकार या रांगेत कुठे असतो, हे मी माझ्या अनुभवाने सांगू शकतो. २०११ च्या पुरानंतर मीही एका बॉडीसाठी इसार देऊन बसलो होतो. दिवाळीत मिळणारी बॉडी फाल्गुनात मिळाली, तोवर माझ्या हातची निम्मी लग्ने मित्राच्या जुन्या कॅमेऱ्यावर झाली होती आणि त्यातल्या दोन घरांनी पुढच्या लग्नाला मला बोलावले नाही. दुकानदाराने मला फसवले नव्हते; त्याने मला फक्त शेवटी धरले होते.

आता तुमच्या इसाराकडे वळू. आपण पत्रासोबत पावतीचा फोटो जोडला आहे. त्यावर ‘कॅमेरा ॲडव्हान्स २५,०००’ एवढेच लिहिलेले आहे. मॉडेलचे नाव नाही, ठरलेला भाव नाही, माल देण्याची मुदत नाही, आणि सहीच्या जागी एक आडवी रेघ आहे. खरी अडचण याच कागदात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘निर्बंधात्मक व्यापार प्रथा’ यांची जी व्याख्या दिली आहे तिच्यात दोन गोष्टी नावानिशी येतात. ठरलेल्या मुदतीपलीकडे माल देण्यास उशीर करणे आणि त्यामुळे भाव वाढणे किंवा वाढण्याची शक्यता असणे, ही एक. आणि एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणे, ही दुसरी. बॅग आणि ट्रायपॉडची अट सरळ दुसऱ्या प्रकारात मोडते. पहिल्यासाठी मात्र ‘ठरलेली मुदत’ दाखवता आली पाहिजे आणि ती आपल्या पावतीवर नाही. दुकानदाराने ‘पंधरा दिवसांत’ असे व्हॉट्सॲपवर लिहिले असेल तर तो संदेश जपून ठेवावा. नसेल तर आता नवी मुदत लेखी मागावी.

भाववाढीबद्दल एक खुलासा करतो. परदेशातून आलेल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली किंवा चिकटवलेली असणे बंधनकारक आहे. त्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, मग टंचाई कितीही असो, आणि कोणी घेतलाच तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. नव्या मालावर आयातदाराने किंमतच वाढवून छापली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून ‘भाव वाढला’ असे कोणी म्हटले की खोक्यावरच्या पट्टीचा फोटो मागावा. फोटो येत नसेल तर मालही आलेला नाही असे समजण्यास हरकत नाही.

आपल्यापैकी काही जणांना वाटते की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. मोठ्या व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ते लागू आहे. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी कारणा’तून वगळली आहे. स्वतः कॅमेरा चालवून पोट भरणारा छायाचित्रकार त्यामुळे ग्राहक ठरू शकतो. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे चंद्रपुरात, दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर नोंद करावी. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

परंतु कायदा आपला इसार परत मिळवून देईल, सात लग्ने करून देणार नाही. त्यासाठी दिवस उलटे मोजावे लागतील. नवी बॉडी हातात आली म्हणजे दुसऱ्या दिवशी लग्नाला नेता येत नाही. तिला जादा बॅटरी लागते, कदाचित वेगळ्या प्रकारचे कार्ड लागते, आणि पुष्कळांना नंतरच कळते की संगणकावरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली (प्रक्रिया न केलेली मूळ छायाचित्रे) उघडतच नाहीत. बोटांनाही नवी बटणे ओळखायला वेळ लागतो. या सगळ्याला तीन आठवडे धरले तर आपली शेवटची तारीख कोजागिरी आहे. त्यानंतर दिवाळीच्या गर्दीत दुकानदार आपला फोन उचलील याची खात्री नाही. तेव्हा आजच व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टाने कळवावे की कोजागिरीपर्यंत अमुक मॉडेल, छापील किमतीपेक्षा जास्त नाही अशा भावात आणि इतर वस्तूंच्या अटीशिवाय द्यावे. अन्यथा सात दिवसांत इसार परत करावा.

त्याच वेळी दुसरी सोय लावायला घ्यावी. त्याच मालिकेतील आधीच्या पिढीची बॉडी बहुतेक वेळा दुकानात पडून असते आणि लग्नाच्या अल्बममध्ये दोन पिढ्यांतला फरक वधूच्या मामालाही दिसत नाही. भाड्याने घेण्याचा मार्ग आहे. पण नागपूरला आदल्या दिवशी जाऊन घेणे आणि नंतरच्या दिवशी परत करणे यात एका लग्नाला तीन दिवसांचे भाडे पडते, हे गिऱ्हाइकाला दर सांगण्यापूर्वी लक्षात घ्यावे. मी आपल्या जागी असतो तर सातपैकी दोन मोठ्या लग्नांसाठी भाड्याने घेतली असती आणि बाकीची जुन्या बॉडीवर केली असती.

प्रश्न : वणी तालुक्यातून लिहितो आहे. मुद्रा योजनेतून कर्ज मंजूर झाले. बँकेला दिलेल्या कोटेशनमधील कॅमेरा आता मिळत नाही आणि कोटेशनची मुदतही संपली. दुकानदार म्हणतो, बँकेकडून पैसे आधी टाकून घ्या, माल आला की पाठवतो. असे करावे का?

उत्तर : करू नये. पैसे दुकानाच्या खात्यात गेले की त्या दिवसापासून व्याज आपल्या नावावर चढते आणि कॅमेरा मात्र कागदावरच राहतो. मुद्रा योजनेत किशोर गटात ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते यंत्रसामग्रीसाठी असेल तर बँक साधारणपणे दुकानालाच थेट रक्कम देते. शाखा व्यवस्थापकांना साधा अर्ज द्यावा : मूळ मॉडेल उपलब्ध नाही, त्याऐवजी अमुक मॉडेलचे सुधारित कोटेशन जोडले आहे, आणि दुकानदाराने कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लेखी कळवल्यावरच रक्कम द्यावी. अनुक्रमांकाचा आग्रह यासाठी की जो माल दुकानात नाही त्याचा अनुक्रमांक कोणी देऊ शकत नाही. शेवटचे बिल आणि मंजूर कोटेशन यांतील मॉडेलचे नाव अक्षरशः सारखे असावे. ‘किट लेन्ससह’ (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्ससह) आणि ‘फक्त बॉडी’ एवढ्या फरकावरून फाइल परत आलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : मी अचलपूरला डोहाळजेवण आणि लहान मुलांची छायाचित्रे काढते. नवा कॅमेरा मिळत नाही म्हणून अमरावतीच्या एका छायाचित्रकाराकडील जुना डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) आणि दोन लेन्सा पाहण्यास जाणार आहे. काय तपासावे? शटर काउंट (शटरच्या आजवरच्या उघडझापांचा आकडा) किती असला तर घेऊ नये?

उत्तर : शटर काउंट सगळेच विचारतात, आणि तो सांगितला की विकणाराही निश्चिंत होतो. तो आकडा कामाचा आहे, पण त्याला फार मान देऊ नये. निकॉन डी७५० किंवा कॅनन ५डी मार्क ४ यांच्या शटरची कंपनीने सांगितलेली क्षमता १,५०,००० उघडझापांची आहे, निकॉन डी८५० ची २,००,०००. ही चाचणीतली संख्या आहे. त्या आकड्यावर शटर बंद पडेलच असे नाही आणि त्याआधी पडणार नाही असेही नाही. निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने पाहावा लागतो. आणि व्हिडिओ किती तास चालवला हे त्यातून कळत नाही.

त्यामुळे कॅमेरा हातात घेतल्यावर आधी आकडा न विचारता त्याची बटणे आणि डायल पाहावेत. आपल्याकडे लग्नात वापरलेला कॅमेरा हळद लपवू शकत नाही. मोडच्या डायलच्या दातांमध्ये, बॅटरीच्या झाकणाच्या कडेला आणि फ्लॅश बसतो त्या खाचेत पिवळी पूड घट्ट बसलेली असते. बाहेरून स्पिरिटने पुसून चकचकीत केलेल्या बॉडीतही ती तशीच राहते. हळद असणे वाईट नाही, पण ‘घरगुतीच वापर होता’ असे सांगणाऱ्याच्या कॅमेऱ्यात ती दिसली तर पुढची सगळी उत्तरे जपून ऐकावीत. मग खालच्या बाजूचे स्क्रू पाहावेत. त्यांची खाच झिजलेली किंवा चरे पडलेली असेल तर बॉडी उघडली गेली आहे.

सेन्सरसाठी उजेडातली पांढरी भिंत किंवा मोकळे आकाश एफ/१६ वर (लेन्सचे छिद्र बारीक ठेवून) टिपावे आणि मागच्या पडद्यावर मोठे करून कोपऱ्यापर्यंत पाहावे. गोल धूसर ठिपके म्हणजे धूळ; सोयाबीन काढणीच्या दिवसांत कार्यक्रम केलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात ती थोडीफार असते आणि साफ होते. बारीक तिरकी रेघ दिसली तर ती ओरखडा असू शकते, तो साफ होत नाही. त्यानंतर लेन्सवर झाकण ठेवून तीस सेकंदांचे छायाचित्र काढावे. काळ्या पडद्यावर लाल-निळे ठिपके किती चमकतात ते दिसते. व्हिडिओचे काम असेल तर अर्धा तास सलग चित्रीकरण करून पाहावे, आणि शक्य असेल तर दुपारी पाहावे. अमरावतीच्या मे महिन्यात जो कॅमेरा चालणार आहे त्याची परीक्षा पंख्याखाली घेण्यात अर्थ नाही.

लेन्सच्या बाबतीत आपल्या हवेत दोन शत्रू आहेत. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात बुरशी. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरपा धरावा आणि पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण बुरशीने काचेवरचा लेप खाल्लेला असतो आणि साफ करूनही डाग राहतो. बॅगेत गुंडाळून कपाटात ठेवलेल्या लेन्सला हे अधिक होते; रोज वापरातल्या लेन्सला कमी.

पैसे समोरासमोर, माल हातात आल्यावरच द्यावेत आणि मूळ बिल मागावे. बिलावरचा अनुक्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. दूरच्या शहरातून ‘बदली झाली म्हणून स्वस्तात देतो, आधी कुरिअरचे पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्याला उत्तरही देऊ नये. टंचाईत अशा जाहिराती वाढतात.

प्रश्न : आम्ही वडसा परिसरात झाडीपट्टीच्या नाटकांची छायाचित्रे आणि व्हिडिओ करतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. ७०-२०० एफ/२.८ लेन्स (दूरचे जवळ आणणारी मोठी झूम) कोठेच उपलब्ध नाही. तोपर्यंत काय करावे?

उत्तर : तोपर्यंत ८५ मिमी एफ/१.८ घ्यावी. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर नंतरही तीच ठेवावी. मंडपातल्या रंगमंचाला जवळ जाता येते आणि प्रयोग रात्रभर चालत असल्याने खरी गरज उजेडाची असते. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त : एफ/२.८ च्या तुलनेत एफ/१.८ ला सुमारे अडीचपट प्रकाश मिळतो, एफ/४ च्या तुलनेत जवळजवळ पाचपट. सोबत ५० मिमी एफ/१.८ असली की पूर्ण रंगमंच आणि एकटा नट असे दोन्ही निघतात. या दोन लेन्सा मोठ्या झूमपेक्षा कितीतरी स्वस्त असतात आणि टंचाईतही बहुधा मिळतात, कारण त्या साध्या बनावटीच्या असतात.

जुन्या डीएसएलआरच्या लेन्सा नव्या मिररलेस बॉडीवर अडॅप्टरने लावता येतात, त्यामुळे जुनी ८५ कोणाकडे असेल तर तीही चालेल. मात्र निकॉनच्या ‘एएफ-डी’ मालिकेतील लेन्सा एफटीझेड या निकॉनच्या मिररलेससाठीच्या अडॅप्टरवर आपोआप फोकस करत नाहीत. रात्री दोन वाजता नाचणाऱ्या पात्रावर हाताने फोकस करण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनीच त्या घ्याव्यात. आणखी एक : रंगमंचावरच्या काही दिव्यांमुळे चित्रात पट्टे येत असतील तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवून पाहावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे.

प्रश्न : माझा मावसभाऊ दुबईला आहे. तो येताना कॅमेरा आणू शकतो. मेहकरच्या एका ओळखीच्या विक्रेत्याकडेही ‘बाहेरचा माल’ बिलाशिवाय स्वस्तात मिळतो. दोहोंपैकी काय बरे?

उत्तर : मावसभाऊ बरा, पण त्यालाही विचार करून सांगावे. प्रवाशाच्या सामानावरील शुल्काची सवलत ठरावीक रकमेपर्यंतच असते, ती मर्यादा वेळोवेळी बदलते, आणि व्यावसायिक बॉडीची किंमत तिच्या वर गेली तर विमानतळावर ती जाहीर करून शुल्क भरावे लागते. भरलेल्या शुल्काची पावती आणि तिकडचे बिल दोन्ही जपून ठेवावीत. तिकडच्या कॅमेऱ्याची हमी भारतात चालेल का, हे त्या मॉडेलसाठी कंपनीच्या भारतीय कार्यालयाला ईमेलने विचारून उत्तर छापून ठेवावे. जपानमधून आणणार असाल तर अधिक सावध राहावे. तिथल्या बाजारासाठीच्या सोनीच्या अनेक मॉडेलांत मेनूची भाषा फक्त जपानी असते.

बिलाशिवायचा माल मात्र घेऊ नये. कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा बिलाशिवाय मिळणारी ‘स्वस्ताई’ मुख्यतः याच अठरा टक्क्यांची असते. तेवढ्यासाठी आपण हमी गमावतो, कर्ज आणि विमा अडचणीत आणतो आणि कॅमेरा चोरीला गेला तर पोलीस ठाण्यात तो आपला होता हेही सिद्ध करू शकत नाही. अधिकृत माल उशिरा येण्यामागे काही वेळा इथले नियमही असतात : वाय-फाय असलेल्या उपकरणाला बिनतारी विभागाची मान्यता लागते आणि डिजिटल कॅमेरा भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आहे. त्या उशिराची चीड मलाही येते.

प्रश्न : लग्नासाठी परदेशी ड्रोन कोठे मिळेल? सगळे ‘स्टॉक नाही’ म्हणतात. (चिखली)

उत्तर : हा साठ्याचा प्रश्न नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांनाच अपवाद. सुट्या भागांना मुभा आहे, म्हणून देशात तयार झालेले, नोंदणी क्रमांक मिळू शकणारे मॉडेलच पाहावे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. वर्षाला चार-सहा लग्नांत ड्रोन लागत असेल तर प्रमाणपत्रधारक माणूस ड्रोनसह बोलावणे अधिक परवडेल.

प्रश्न : कॅमेरा मिळाला, पण दुकानदार म्हणतो व्ही९० कार्ड घ्या, नाहीतर ४के चित्रीकरण अडखळेल. ती कार्डे महाग झाली आहेत आणि मिळतही नाहीत. ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसतात. (कुरखेडा)

उत्तर : कार्डे महाग झाली आहेत हे खरे, २०२५ च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिपांचे भाव चढले. पण आपल्याला व्ही९० लागते का, हे आधी पाहावे. व्ही३० याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सतत लिहिण्याची हमी, व्ही९० म्हणजे ९० मेगाबाइटची. आपण पत्रात लिहिलेले ४के चित्रीकरण १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराचे आहे, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. व्ही३० कार्डाला ते सहज झेपते. तासाला सुमारे ४५ गीगाबाइट लागतात, तेव्हा १२८ गीगाबाइटच्या एका कार्डात साधारण पावणेतीन तास बसतात. वरातीपासून मंगलाष्टकांपर्यंत एक आणि जेवणावळीपासून पाठवणीपर्यंत दुसरे, अशी दोन कार्डे पुरतात.

निम्म्या किमतीची कार्डे घेऊ नयेत. अशा कार्डावर १२८ लिहिलेले असते आणि आत कितीतरी कमी असते. ते भरले की पुढचे चित्रीकरण झाल्यासारखे दिसते आणि फाइल उघडत नाही. कोणतेही नवे कार्ड लग्नाला नेण्याआधी घरी एकदा काठोकाठ भरावे, सगळ्या फाइली संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. यात एक संध्याकाळ जाते. परत करण्याच्या मुदतीतच हे करावे आणि तोवर कार्डाचे वेष्टन फेकू नये.